बाटलीच्या तळाशी दोन बोटं रम उरली की

वाढदिवस झाला, मॅच जिंकली, कोणाची बदली झाली, की त्या बैठकीनंतर कपाटात एखादी बाटली उरतेच. तळाशी दोन बोटं रम. चौघांना ती पुरत नाही आणि ओतून द्यायचा तर प्रश्नच नाही. आमच्या घरात त्या उरलेल्या रमवर माझा हक्क असतो. नवऱ्याने तो आनंदाने मान्य केलाय, कारण त्यातून जे होतं त्यातली पहिली वाटी त्याला मिळते.

मी पुण्यात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. केक-पेस्ट्रीचं रीतसर शिक्षण काही नाही. पण दारू घातलेलं चॉकलेटचं गोड मी अगदी निवांतपणे, वही न उघडता करते, आणि करताना जितका आनंद होतो तितका दुसऱ्या कुठल्याच पदार्थाने होत नाही. घरात काय आहे ते बघायचं, कोणती बाटली आहे ते बघायचं आणि सुरुवात करायची. हे जमतं ते एका साध्या हिशेबामुळे. तो हिशेब डोक्यात बसला की कृती पाठ करावी लागत नाही, म्हणून तो आधी सांगते.

चॉकलेटच्या लेखी रम म्हणजे आधी पाणी. आपल्याकडच्या रमच्या लेबलवर 42.8 टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे 100 मिलीत 42.8 मिली अल्कोहोल. बाकी जवळजवळ सगळं पाणीच. आणि चॉकलेटमध्ये पाणी जवळपास नसतंच. कोकोचे आणि साखरेचे बारीक कण कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्याच फॅटमध्ये, तरंगत असतात, इतकीच त्याची रचना. अशा वितळलेल्या चॉकलेटमध्ये अर्धा चमचा रम पडली की ते कण ओले होतात आणि एकमेकांना चिकटतात. साखरेच्या डब्यात ओला चमचा गेला की खडे होतात ना, तेच इथे होतं. चकचकीत, ओघळणारं चॉकलेट बघता बघता आखडून कोरडा, रवाळ गोळा होतो. पुष्कळ जण इथे घाबरून पातेलं सिंकमध्ये ठेवतात.

उपाय अगदी उलटा आहे. अजून पातळ घाला. कण एकमेकांना चिकटायला थोडंसं पाणी पुरतं, पण भरपूर पाणी मिळालं की ते सुटे होऊन त्यात पसरतात आणि गोळा पुन्हा मऊ होतो. म्हणून 50 ग्रॅम चॉकलेटला किमान एक टेबलस्पून, म्हणजे 15 मिली, पातळ पदार्थ हवाच. कोकोचं प्रमाण 70 टक्क्यांच्या वर असलेलं कडू चॉकलेट असेल तर दीड टेबलस्पून. त्यात रम, दूध, क्रीम, कॉफी सगळं धरायचं. रम थेंबाथेंबाने घालून "चव बघत बघत" जायचं हा विचार सोडून द्या. मापून घ्या आणि एकदम घाला.

आता प्रमाण. चॉकलेट पातळाच्या दुप्पट असेल तर फ्रीजमध्ये ठेवल्यावर हाताने गोळे वळता येतात. दोन्ही सारखं असेल तर चमच्याने खायचं, मऊ घट्टसर गोड होतं, वाट्यांमध्ये लावायला हेच. पातळ दीडपट झालं की पळीवाढा सॉस होतो, आइस्क्रीमवर ओतायचा. मिल्क चॉकलेटमध्ये साखर आणि दूध जास्त, कोको कमी, त्यामुळे ते ढिलं राहतं. ते वापरायचं तर पातळ थोडं कमी करायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रम ही पातळाच्या हिश्श्यातूनच जाते. 45 मिली रम घालायची असेल तर क्रीम 45 मिलीने कमी करा. वरून जादा घातलेली रम गोड बिघडवत नाही, पण मग ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही सैलच राहतं आणि लोक म्हणतात "सेट झालं नाही". ते सेट होणारच नव्हतं.

चॉकलेट कोणतं, हा प्रश्न मला सगळे विचारतात. पाकीट उलटं करा आणि घटक वाचा. "कोको बटर" लिहिलेलं असेल तर ते खरं चॉकलेट. "हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट" असेल तर ते कंपाउंड. केकच्या सामानाच्या दुकानात जे मोठाले स्लॅब स्वस्तात मिळतात ते बहुतेक कंपाउंड असतात. ते वाईट नाही, उन्हाळ्यात टिकतं, साच्यात पटकन घट्ट होतं, वाढदिवसाच्या केकवर त्याचं काम चोख असतं. पण रमबरोबर मला ते आवडत नाही. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, आपल्या तोंडातलं तापमान त्याहून थोडं जास्त, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर ठेवल्याबरोबर विरघळतं आणि त्याच क्षणी रमचा वास नाकात चढतो. कंपाउंडचा एक मेणचट थर टाळूला बसतो आणि रम त्याच्याखाली दबते. सुपरमार्केटमध्ये किंवा अगदी कोपऱ्यावरच्या डेअरीत मिळणारा अमूलचा 55 टक्क्यांचा डार्क बार या कामाला उत्तम. 75 टक्क्यांचा घेतला तर दोन चमचे गूळ किंवा साखर घालावी लागते. 99 टक्क्यांचा नको. घरात कंपाउंडच असेल तर थांबू नका, त्यात एक भरगच्च चमचा कोको पावडर आणि सुपारीएवढं लोणी घाला, बराच फरक पडतो.

क्रीमचंही एक सांगून ठेवते. आपल्याकडचं छोट्या खोक्यातलं अमूल फ्रेश क्रीम 25 टक्के फॅटचं असतं. ते कितीही फेटलं तरी फुगत नाही, त्याच्या मागे लागू नका. चॉकलेटमध्ये मिसळायला मात्र ते छान आहे. दुधावरची साय असेल तर तीही चालते, फक्त ती मिक्सरमधून एकदाच फिरवून घ्या. जास्त फिरवलीत तर लोणी निघेल.

तर सहा छोट्या वाट्यांसाठी: 200 ग्रॅम डार्क चॉकलेट, 150 मिली क्रीम, 45 मिली रम (दीड छोटा पेग, पेगमेजर घरात असेलच), 20 ग्रॅम लोणी, पाव चमचा इन्स्टंट कॉफी, आणि दोन चिमटी मीठ. मीठ गाळू नका. घरचं लोणी वापरलं तर मीठ घालावंच लागतं, अमूल बटर वापरलं तर एक चिमूट पुरे.

चॉकलेट सुरीने बारीक चिरा, मुगाच्या डाळीएवढं झालं तर उत्तम. मोठे तुकडे राहिले की आतून वितळत नाहीत आणि मग आपण पुन्हा गॅसवर ठेवायला जातो. क्रीम जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तापवा, कडेने बारीक बुडबुडे आले की गॅस बंद. उकळी फुटू द्यायची नाही. कॉफी त्यातच विरघळवा. हे क्रीम चिरलेल्या चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग पातेल्याच्या अगदी मधोमध चमचा धरून लहान लहान गोल फिरवायला लागा. सुरुवातीला ते फाटल्यासारखं, ठिपकेदार दिसतं. फिरवत राहा. मधोमध एक गडद, चमकदार टिकली तयार होते, ती रुपयाएवढी होते, मग बशीएवढी, आणि कडेचं पांढरट क्रीम आत ओढलं जाऊन सगळं पातेलं एकसारखं काळंभोर होतं. मला हा क्षण फार आवडतो. वर्गात "इमल्शन", म्हणजे फॅट आणि पाण्याचं एकजीव मिश्रण, हा शब्द फळ्यावर लिहिते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती टिकलीच असते.

आता लोणी आणि मीठ घाला, ढवळा, आणि बोट बुडवून बघा. कोमट लागलं पाहिजे, चटका नको. मग रम, सगळी एकदम. गरम असताना घातली तर वासाचा मोठा भाग वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो, वाटीत राहत नाही. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पण वास त्याच्या बराच आधीपासून उडायला लागतो. रम पडल्यावर मिश्रण दोन क्षण सैल दिसेल, ढवळल्यावर पुन्हा जुळून येईल. वर तेल सुटल्यासारखं दिसलं तर एक-दोन चमचे कोमट दूध घालून जोरात ढवळा, ते परत एकजीव होतं.

वाट्यांमध्ये ओता आणि गार झाल्यावरच झाका. गरम असताना झाकलंत तर झाकणाचं पाणी वर टपकतं आणि पांढरे डाग पडतात. दोन तास फ्रीजमध्ये, आणि वाढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर. थेट फ्रीजमधलं थंड चॉकलेट मुकं लागतं. मे महिन्यात पाच मिनिटंही पुरतात. त्याच दिवशी खाल्लं तर रम थोडी पुढे येते, तिखट लागते. दुसऱ्या दिवशी ती चॉकलेटमध्ये मुरते आणि व्हॅनिला, जळक्या साखरेची चव वर येते. मला दुसऱ्या दिवशीचंच आवडतं, नवऱ्याला पहिल्या दिवशीचं.

इथवरची झाली पायाभूत कृती. खरी मजा पुढे आहे.

संक्रांत होऊन गेली होती. संध्याकाळी साडेसातला दिराचा फोन, "वहिनी, आम्ही जेवून निघतोय, साडेनऊपर्यंत पोचतो. गोड तुझ्याकडे." फ्रीजमध्ये क्रीमचं उघडलेलं अर्धं खोकं, म्हणजे 100 मिली. दीडशे ग्रॅमचा एक डार्क बार. बाटलीत रम, तीतली 45 मिली घेतली. झालं की, पातळ 145, चॉकलेट 150, जवळजवळ सारखं. आता बाकी घरभर नजर टाकायची. टोपलीत नागपुरी संत्री होती. एका संत्र्याची साल किसणीच्या बारीक बाजूने किसली, फक्त नारिंगी भाग, पांढरा आला की कडू होतं. ती साल क्रीममध्ये तापवली आणि क्रीम चॉकलेटवर ओतताना गाळून घेतली. मिश्रण कटिंग चहाच्या ग्लासांमध्ये दोन-दोन बोटं ओतलं, पातळ थर असला की तासाभरात बसतो. तोवर डब्यात उरलेल्या तिळाच्या वड्या खलबत्त्यात ओबडधोबड कुटल्या. वाढताना प्रत्येक ग्लासावर तो कूट आणि संत्र्याच्या दोन सोललेल्या फोडी. जावेने पहिला चमचा घेतला आणि विचारलं, "हे कुठून मागवलंस गं?"

त्या दिवसापासून रम, चॉकलेट आणि गूळ हे त्रिकूट माझ्या घरात पक्कं आहे. त्याला कारणही आहे. रम होते उसाच्या मळीपासून, आणि मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला उसाचा दाट काळा अर्क. गुळात तीच मळी साखरेसोबत राहिलेली असते. दोघांच्या चवीचं घराणं एकच. म्हणून गोडी कमी वाटली तर मी साखरेऐवजी किसलेला कोल्हापुरी गूळ घालते, तापलेल्या क्रीममध्ये विरघळवून. क्रीम गॅसवरून उतरवून मगच गूळ घालायचा, उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटू शकतं, हे आपल्या सगळ्यांना खिरीवरून माहीतच आहे. वर कुरकुरीत हवं तर लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की कुटून घाला. तिळाची, सुक्या खोबऱ्याची, काजूची, कोणतीही चालेल. फक्त ती ऐन वेळी घाला, फ्रीजमध्ये ठेवलेल्या वाटीवर चिक्की ओलसर होऊन चिकट बनते.

मारी बिस्किटांचा थर हा अजून एक हमखास मार्ग. पाऊण कप कडक काळी कॉफी, गार केलेली, त्यात 30 मिली रम. मारी त्यात बुडवायची आणि लगेच काढायची, "एक" म्हणेपर्यंत. बशीत ती मोडली पाहिजे, पण बोटांत तुटता कामा नये. खोलगट काचेच्या भांड्यात बिस्किटं, चॉकलेट, बिस्किटं, चॉकलेट असे थर द्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी सुरीने वड्या पडतात. थरांसाठी बिस्किटांनी रम शोषलेली असते, म्हणून चॉकलेटच्या मिश्रणातली रम निम्मी करा. नाहीतर सगळं मिळून जास्त होतं. पारले-जीही चालतं, पण ते पटकन विरघळतं आणि स्वतःची गोडी घेऊन येतं. घरात बेकरीची नानकटाई असेल तर भिजवू नका, चुरून तळाशी दाबून बसवा आणि वर चॉकलेट ओता.

बेदाणे असतील तर आदल्या रात्रीच कामाला लावा. तासगावचे चांगले टपोरे बेदाणे 50 ग्रॅम, स्वच्छ धुऊन, पुसून, 45 मिली रममध्ये झाकून ठेवायचे. सकाळी निम्मी-अधिक रम बेदाण्यांच्या पोटात गेलेली असते. उरलेली मोजून चॉकलेटमध्ये घाला, बेदाणे वाटीच्या तळाशी. घाई असेल तर बेदाणे पाच मिनिटं कढत पाण्यात ठेवून निथळा आणि मग रममध्ये टाका, तासाभरात टम्म फुगतात. रम गॅसवर तापवायला जाऊ नका. तिची वाफ पेटते. बाटली पेटत्या गॅसजवळ उघडीही ठेवू नका.

आता बाटली रमचीच असेल असं नाही. मराठी घरांत सर्दीसाठी म्हणून ठेवलेली ब्रँडी असते, औषधाच्या कपाटात, वर्षानुवर्षं. ती याला फार चांगली. ब्रँडी द्राक्षाची चव देते, तेव्हा बेदाणे आणि जायफळ तिच्याबरोबर. व्हिस्की असेल तर लोणी थोडं वाढवा आणि वर खारे शेंगदाणे द्या. धुराच्या वासाची उंची व्हिस्की असेल तर ती ज्याची आहे त्याला पिऊ द्या, चॉकलेटमध्ये ती औषधासारखी लागते. व्होडकाला स्वतःची चव नाही, म्हणून तिच्यात दोन दिवस संत्र्याची साल किंवा कुटलेली कॉफीची बी भिजत ठेवा आणि गाळून वापरा. साल वापरताना संत्रं कोमट पाण्याने चोळून धुवा, बाजारातल्या फळांवर मेण असतं.

फेणीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तिला लोक घाबरतात. माझी मावशी म्हापशाला असते. तिच्या स्वयंपाकघरात मी हे करायला घेतलं तेव्हा ती म्हणाली, "बाय, फेणीचा वास तुझ्या चॉकलेटला खाऊन टाकील." काजू फेणीचा वास खरंच दांडगा आहे. पिकलेल्या बोंडांचा, थोडा तिखट, घरभर पसरणारा. म्हणून प्रमाण निम्मं, 200 ग्रॅम चॉकलेटला 20 ते 25 मिली, आणि क्रीम त्या हिशेबाने वाढवून 175. क्रीमच्या जागी मी त्या दिवशी नारळाचं दाट पहिलं दूध घेतलं, कारण तिच्याकडे नारळ होता आणि क्रीम नव्हतं. गोडीला माडाचा काळा गूळ. वर भाजलेले काजू. फेणी नारळात मिसळली की तिची धार बोथट होते आणि मागे फळाचा वास राहतो. मावशीने दुसरी वाटी मागितली. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि माझ्या मते चॉकलेटशी इतकी स्वतंत्र वागणारी दुसरी दारू आपल्या बाजूला नाही. उन्हाळ्यात येणारी उर्राक, म्हणजे काजूच्याच रसाची एकदाच गाळलेली दारू, मात्र इथे नको. ती हलकी, ताजी, लिमका आणि मिठाबरोबर प्यायची चीज, चॉकलेटखाली ती सापडतच नाही.

वाइनचा हिशेब वेगळा. नाशिकची शिराझ साधारण 13-14 टक्क्यांची, म्हणजे तिच्यात पाणीच पाणी. ती तशीच घातली तर चव यायला इतकी लागेल की मिश्रणाचा सॉस होईल. तेव्हा आधी आटवा. उघडून दोन दिवस झालेली, पिण्यातली गंमत गेलेली वाइन यासाठी उत्तम. 250 मिली वाइन, दोन चमचे साखर, दालचिनीचा एक तुकडा, दोन लवंगा, पसरट पातेल्यात मध्यम आचेवर 80 मिली उरेपर्यंत. पातेल्यात चमचा फिरवला की मागे रेघ क्षणभर टिकते तेव्हा झालं. पूर्ण गार करा, कारण वाइन आंबट असते आणि गरम क्रीममध्ये पडली तर क्रीम फाटतं. मग 200 ग्रॅम चॉकलेट, 120 मिली क्रीम आणि शेवटी ही 80 मिली वाइन. गोव्याहून आणलेली पोर्ट वाइन असेल तर ती मुळातच गोड, साखर घालू नका.

कधी घरात क्रीमच नसतं. तेव्हाचा मार्ग हा मला या सगळ्यात सर्वांत लाडका आहे. एर्वे तीस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1995 मध्ये दाखवून दिलं की नुसतं चॉकलेट आणि पाणी फेटूनही मूस, म्हणजे फेसासारखं हलकं गोड, होतं. ना अंडं, ना क्रीम. चॉकलेटमधलं कोको बटर क्रीममधल्या फॅटचं काम करतं. आणि पाण्याच्या जागी चवीचं काहीही चालतं. 55 टक्क्यांचं 200 ग्रॅम चॉकलेट, 110 मिली काळी कॉफी, 40 मिली रम. कॉफीत चॉकलेट मंद आचेवर वितळवा, उतरवा, रम घाला. मोठ्या परातीत बर्फ आणि थोडं पाणी घ्या, त्यात स्टीलचं पातेलं बसवा आणि फेटायला लागा, हाताच्या बीटरने किंवा वायर व्हिस्कने. तीन-चार मिनिटं काहीच होत नाही, काळं पाणी हलतंय असं वाटतं. मग रंग हळूहळू फिका होतो, व्हिस्कच्या रेघा उमटायला लागतात, आणि तिथून पुढे सगळं सेकंदांवर येतं. रेघा टिकायला लागल्या की लगेच थांबा आणि वाट्यांमध्ये काढा, पातेलं बर्फावरून उचला. एक क्षण जास्त फेटलं की ते रवाळ होतं. झालंच तसं, तर पुन्हा गॅसवर वितळवा आणि पुन्हा फेटा, काही वाया जात नाही. फारच पातळ राहिलं तर अजून थोडं चॉकलेट घालून पुन्हा तेच. याला कंपाउंड वापरू नका, भरवसा नाही. बारावीच्या मुलांना मी हे कॉफीऐवजी संत्र्याचा रस घालून, अर्थात रमशिवाय, प्रयोग म्हणून दाखवते आणि त्या दिवशी वर्गात कोणी गैरहजर राहत नाही.

एक गैरसमज काढायलाच हवा. "शिजवलं की दारू उडून जाते" असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार, दारू घालून पेटवलेल्या पदार्थात सुमारे 75 टक्के अल्कोहोल उरतं, मिसळून पंधरा मिनिटं शिजवलेल्यात 40 टक्के आणि तासभर शिजवलेल्यात 25 टक्के. आपली कृती तर शिजवायचीच नाही, तेव्हा रम जवळपास पूर्ण वाटीत आहे असंच धरा. 45 मिली रम सहा वाट्यांत वाटली गेली तर प्रत्येकीत साडेसात मिली, म्हणजे छोट्या पेगचा चौथा भाग. थोडी आहे, पण आहे. म्हणून वाढण्याआधी प्रत्येकाला स्पष्ट सांगते. जे घेत नाहीत, ज्यांनी सोडली आहे, जे औषधांवर आहेत, ज्या गरोदर आहेत, त्यांना आग्रह नाही, आणि "एवढ्याशाने काय होतंय" हे वाक्य तर नाहीच. महाराष्ट्रात रम-व्हिस्कीसाठी वयाची अट 25 आहे आणि परवानाही लागतो, तोही घरात असू द्या.

मुलांसाठी वेगळं पातेलं करावं लागत नाही. लोणी घालून झालं की रम घालण्याआधीच त्यांचा वाटा काढून घ्या आणि रमच्या जागी तेवढंच दूध किंवा संत्र्याचा रस घाला, म्हणजे घट्टपणा सारखाच येतो. कॉफीही त्यांच्यासाठी नको असेल तर तीसुद्धा रमबरोबर नंतर घाला. मुलांचं स्टीलच्या वाट्यांमध्ये, मोठ्यांचं काचेच्या ग्लासांमध्ये, आणि फ्रीजचे कप्पेही वेगळे. ही पद्धत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई घेत नाहीत, त्या स्टीलची वाटी उचलतात. सासरे ग्लास उचलतात आणि चमचा चाटून विचारतात, "बाटलीत काही उरलंय का अजून?"

उरलेलं मिश्रण असेल तर ते गोळ्यांत जातं. वाढदिवसाचा शिळा केक, आयसिंग काढून, हाताने चुरायचा. दोन वाट्या चुऱ्याला अर्धी वाटी चॉकलेटचं मिश्रण आणि एक टेबलस्पून रम, मळून बघा, लाडू वळला गेला की पुरे. कोको पावडरीत किंवा भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा. फ्रीजमध्ये चार दिवस सहज राहतात. क्रीमच्या वाट्या मात्र तीन दिवसांत संपवा, नारळाच्या दुधाच्या दुसऱ्याच दिवशी. आणि कुल्फीच्या साच्यात घालून गोठवायचा मोह झाला तर रम अर्ध्या लिटरला 30 मिलीच्या वर नेऊ नका. अल्कोहोल घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही, जास्त झालं की कुल्फी काडीवर उभी राहत नाही, साच्यातून ओघळते. अशी ओघळलेली कुल्फी पेल्यात ओता, वर गार दूध घाला आणि मिल्कशेक म्हणून द्या, अर्थात काचेच्या पेल्यात.